कुणाकडं आले?

केदारखेड्यात वाळवंट नाही, खोल घळई नाही आणि सोडून दिलेली खाण तर नाहीच नाही. जालन्याहून भोकरदनकडं निघालं आणि वाटेत राजूरच्या गणपतीला गाडीतूनच हात जोडले की पुढं पूर्णेच्या काठाला आमचं गाव येतं. इथं कापूस आहे, मका आहे, मोसंबी आहे, लग्नसराई आहे; साहस करावं अशी सोय मात्र ग्रामपंचायतीनं अजून केलेली नाही. तरीही वाळवंटी घळया आणि ओसाड खाणी धुंडाळायची मोहीम याच गावातून निघाली, आणि ती मे महिन्यात, भर दुपारी निघाली.

याला कारण आमचा पुण्याचा मित्र. पुण्याचा म्हणजे गावचाच, पण कंपनीत लागल्यापासून त्याला शनिवार-रविवार मोकळे मिळतात. मोकळ्या माणसाच्या डोक्यात काय शिरेल, याचा नेम नसतो. तो रात्र रात्र अमेरिकेतले व्हिडिओ बघतो. यूटा नाहीतर नेवाडाचं उजाड रान, चार मित्र, एक जीप. ते आधी एका अरुंद घळईत दोर लावून उतरतात, मग शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी बंद पडलेल्या चांदीच्या खाणीत शिरतात. आत गंजलेले रूळ, मोडकी ढकलगाडी, रिकामा डबा. डबा दिसला की चौघंही हरखतात. आमच्या घरात माळ्यावर तसले तीन डबे आहेत, पण ते बघून कुणी हरखल्याचं ऐकिवात नाही.

मला त्या व्हिडिओत वेगळंच नवल वाटलं. अर्धा तास झाला तरी त्यांना माणूसच भेटत नाही. कुणी विचारत नाही, कुठले, कुणाचे, जेवले का.

महाराष्ट्रात हे सुख मिळतं का, ते त्यानं आधी तपासून पाहिलं होतं. अकोले तालुक्यात साम्रद गावाजवळ सांदण दरी आहे. दोन्ही बाजूंना उभे कडे, मध्ये चिंचोळी वाट, तळाशी ऊन पोचायची मारामार. म्हणजे अमेरिकेला तोंडात मारील अशी जागा. पण तो गेला शनिवारी. त्या चिंचोळ्या वाटेत पुण्या-मुंबईची रांग लागली होती. पुढच्याचा सेल्फी होईपर्यंत मागच्यांनी कड्यावरचे थर मोजायचे. तिथून तो ‘मला निर्जन जागा पाहिजे’ असं म्हणत परतला आणि निर्जन म्हटल्यावर त्याला आपलं गाव आठवलं. गावाकडं त्याचं येणं किती कमी झालंय, ते यावरून समजावं.

पथक ठरलं. पुणेकर मित्र, शाळेत भूगोल शिकवणारे आमचे एक गुरुजी मित्र, कृषी सेवा केंद्र चालवणारा एक, आणि मी. कृषी सेवा केंद्रवाला साहसी नाही, पण मृग लागेपर्यंत त्याच्या दुकानात गिऱ्हाईक नसतं. साहित्याची वाटणीही ज्याच्या त्याच्या प्रकृतीप्रमाणं झाली. पुणेकरानं हेल्मेट, कपाळावर बांधायचा दिवा, कंबरेचा पट्टा, लोखंडी कड्या, शिट्टी आणि साठ मीटर दोर आणला. गुरुजींनी छत्री आणि शाळेचं होकायंत्र घेतलं. कृषी सेवा केंद्रवाल्यानं उधारीची वही घेतली. मी उपरणं घेतलं.

निघण्यापूर्वी पुणेकरानं सुरक्षेवर भाषण दिलं. २००३ च्या एप्रिलमध्ये ॲरन राल्स्टन नावाचा गिर्यारोहक यूटामधल्या ब्लूजॉन घळईत एकटाच गेला. वरून सटकलेल्या धोंड्याखाली त्याचा उजवा हात सापडला. कुठं जातोय हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं, त्यामुळं शोधायलाही कुणी आलं नाही. पाच दिवस वाट पाहून शेवटी त्यानं बोथट चाकूनं स्वतःचा हात कापला आणि बाहेर पडला. पुढं त्यावर सिनेमा निघाला. “म्हणून,” पुणेकर म्हणाला, “आपण कुठं जातोय ते एका तरी माणसाला सांगून ठेवायचं.”

आम्ही तिघं एकमेकांकडं बघू लागलो. केदारखेड्यात कुठं जातोय ते सांगायची गरज कुणाला पडलीय? मोटारसायकलला किक मारायच्या आत पहिल्या हॉटेलवर “शाळेचं होकायंत्र घेऊन चालले” ही बातमी पोचली होती. दुसऱ्या हॉटेलवर पोचेपर्यंत तिची “गुप्तधन काढायला चालले” अशी वाढ झाली. वेशीपाशी एका नानांनी थांबवून विचारलं, “अमुशा तर परवा हाय ना रे?” राल्स्टन इथं अडकला असता तर दहाव्या मिनिटाला वर पंचवीस माणसं जमली असती. त्यांतल्या पंधरांनी धोंडा कसा काढावा यावर मतं दिली असती, आणि दोघांनी त्याला “तू कुणाचा रे?” असं विचारून त्याच्या आजोबांची ओळख काढली असती. हात वाचला असता. सिनेमा मात्र निघाला नसता.

पूर्णेच्या पात्रात उतरलो आणि वाळवंटाचा प्रश्न सुटला. पारा बेचाळीसच्या पुढं आणि पाण्याचा टिपूस नाही. गुरुजींनी लगेच तास सुरू केला. ही तापीला मिळणारी पूर्णा नव्हे; ही अजिंठ्याच्या डोंगरात उगवते, पुढं येलदरी आणि सिद्धेश्वरच्या धरणांत अडते आणि मग गोदावरीला मिळते. विद्यार्थी कायम दोन्हींत घोटाळा करतात, असं म्हणून त्यांनी आमच्याकडं संशयानं पाहिलं. पुणेकराला नद्यांची वंशावळ नको होती. त्याला घळई पाहिजे होती.

आणि ती पुढच्या वळणावर सापडली. दोन्ही बाजूंना उभे काप, तळ दोन पुरुष खोल, भिंतीत गाळाचे थर: वर काळी माती, खाली पांढुरकी, मग वाळू, मग गोटे. पुणेकरानं हेल्मेट चढवलं. “हे किती जुनं असेल?” त्यानं गुरुजींना विचारलं.

गुरुजींनी चष्मा पुसला. अमेरिकेतलं ग्रँड कॅन्यन सुमारे ४४६ किलोमीटर लांब आणि काही ठिकाणी पावणेदोन किलोमीटरहून खोल आहे. ते कोरायला कोलोरॅडो नदीला पन्नास-साठ लाख वर्षं लागली असं मानतात. “आणि हे,” गुरुजी म्हणाले, “मागच्या दिवाळीनंतरचं असावं. बहुधा पोकलेननं केलेलं.”

वाळूचा हा धंदा ज्यानं पाहिला नाही, त्याला आमच्याकडच्या भूगोलाचा उलगडा होणार नाही. पाणी असेल तिथं ट्रॅक्टरला केनी लावून तळातली वाळू ओढतात. पाणी आटलं की जेसीबी उतरतो आणि हायवा भरतो. हिशोब ब्रासमध्ये, म्हणजे शंभर घनफुटांत. सरकारनं २०२३ मध्ये नवं धोरण आणून डेपोवरून सहाशे रुपये ब्रासनं वाळू द्यायचं जाहीर केलं. घर बांधणारे त्या बातमीचं कात्रण खिशात घालून हिंडले आणि वाळू मिळाली त्या भावानं घेऊन मोकळे झाले. या धंद्यात सगळ्यात कुशल कामगार म्हणजे लोकेशनवाला. रस्त्याच्या कडेला मोटारसायकलवर बसायचं आणि महसूलची गाडी दिसली की फोन लावायचा, एवढंच त्याचं काम. अमेरिकेनं अंतराळात एवढे उपग्रह सोडलेत, पण तहसीलदारांची गाडी कोणत्या फाट्यावर वळली ते त्यांच्या आधी या पोराला कळतं.

त्या दिवशी काठावर असाच एक पोरगा होता. त्यानं खाली पाहिलं. हेल्मेट घातलेला अनोळखी माणूस, छत्री आणि होकायंत्र घेऊन थर तपासणारे चष्मेवाले साहेब, वही काखेत धरलेला कारकून आणि उपरणेवाला पंच. त्यानं फोन कानाला लावला. पुढच्या काही मिनिटांत वरच्या अंगाला दोन ट्रॅक्टर सुरू झाल्याचे आवाज आले आणि दूर गेले. नदी रिकामी झाली.

उरलेसुरले लोक आमच्या कृषी सेवा केंद्रवाल्यानं घालवले. पात्रातून शेताकडं जाणारे दोघं-तिघं लांबून येताना दिसले. त्यांनी त्याला ओळखलं, त्याच्या काखेतली वही ओळखली, आणि बाभळीआडून दुसरी वाट धरली. “त्यातल्या एकाकडं मागच्या साली नेलेल्या सरकीच्या चार पिशव्यांचे पैसे हायेत,” तो हताशपणे म्हणाला. पण पुणेकर खूश होता. दृष्टीच्या टप्प्यात माणूस नाही! नेवाडात जी शांतता लाख-दीड लाखाचं तिकीट काढून मिळते, ती आपल्याकडं उधारीच्या एका वहीनं मिळते, हा शोध त्याला त्या क्षणी लागला नाही, कारण तो व्हिडिओ काढत होता.

व्हिडिओत मागं एक म्हातारी आली. तिला महसूलची भीती नव्हती आणि दुकानाची उधारी नव्हती, त्यामुळं ती पळाली नाही. बरोबर चार शेरड्या. “कुणाकडं आले?” तिनं विचारलं.

“कुणाकडं नाही, आजी. हिंडायला आलोय,” पुणेकर म्हणाला.

“हिंडायला? खड्ड्यात?” म्हातारीनं हेल्मेटकडं पाहिलं. “काय हरवलं का बाबा?”

मग तिनं आम्हाला भिंतीतला एक थर काठीनं दाखवला, पार आमच्या डोक्याच्या वर. नदीची जुनी वाळू तिथपर्यंत होती. “तिथं आमी झिरा करू. हातभर उकरलं का पाणी. वाटीनं भरायचं, पर गोड पाणी.” गुरुजींनी यावर शास्त्र जोडलं: पावसाळ्यात वाळूच्या कणांमधल्या फटींत पाणी साठतं, ते उन्हापासून वाचतं आणि हळूहळू काठच्या विहिरींकडं झिरपतं, वाळू गेली की साठवण गेली. म्हातारीनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. “मी तेच म्हणू राह्यले,” ती म्हणाली.

तिला पुढची वाट विचारावी का, यावर आमच्यात वाद झाला. पुणेकराचं म्हणणं, वाट विचारली की तो शोध राहत नाही. यावर गुरुजींनी इतिहास काढला. २८ एप्रिल १८१९ ला जॉन स्मिथ नावाचा मद्रास घोडदळातला इंग्रज अधिकारी वाघाच्या शिकारीला म्हणून अजिंठ्याच्या डोंगरात आला. सोबत मित्र, समोर वाघोरा नदीची नालाच्या आकाराची घळई, म्हणजे सगळा व्हिडिओचाच मामला. त्याला दहाव्या क्रमांकाच्या लेण्याची कमान दिसली. एका गुराख्यानं दाखवली असंही सांगतात. स्मिथनं आत जाऊन शतकानुशतकं जुन्या चित्रावर चाकूनं स्वतःचं नाव आणि तारीख कोरली. ते नाव अजून तिथं आहे. गुराखी शेळ्या घेऊन घरी गेला. त्याच्या लेखी शोध वगैरे काही लागलाच नव्हता, ती जागा त्याला ठाऊकच होती.

“पण वाटाड्याचं ऐकलं तर घातही होतो,” कृषी सेवा केंद्रवाला म्हणाला आणि त्यानं आसईची लढाई काढली. ती आमच्या भागात सगळ्यांना येते. २३ सप्टेंबर १८०३, शिंदे-भोसल्यांची फौज केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात आणि समोर वेलस्ली, म्हणजे पुढं वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा तोच. त्यानं वाटाड्यांना केळणेला उतार कुठं, असं विचारलं. त्यांनी सांगितलं, इथं उतार नाही. वेलस्लीला नदीच्या दोन्ही काठांना समोरासमोर दोन गावं दिसली. त्यानं विचार केला, एवढी जवळ दोन गावं असून त्यांच्यात येणं-जाणं नसेल, हे शक्य नाही; म्हणजे मध्ये उतार असणारच. होताच. फौज तिथून पार गेली आणि लढाईचा रंग फिरला. आमचे वाटाडे खोटं का बोलले, हे इतिहासकार सांगत नाहीत. आम्ही सांगू शकतो: अनोळखी माणूस लवाजम्यासह नदीत उतरून चौकशी करू लागला, की ‘इथं काही नाही’ म्हणायचं, ही पूर्णा-केळणेच्या खोऱ्याची रीत आहे. लोकेशनवाल्या पोराचं घराणं जुनं आहे.

आता राहिली खाण. पुणेकराच्या डोक्यात केजीएफ होता. सिनेमा त्यानं तीनदा पाहिलाय. खरी कोलारची सोन्याची खाण तीन किलोमीटरहून खोल गेली आणि २००१ मध्ये बंद पडली. ‘जालना सोन्याचा पाळणा’ म्हणतात, मग इथं का नसावी, हा त्याचा सवाल. गुरुजींनी त्याला खाली बसवलं. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहिला, थरावर थर साचले आणि दख्खनचं हे पाच लाख चौरस किलोमीटरचं काळं पठार झालं. त्यात सोनं नाही, चांदी नाही, कोळसा नाही. पाळण्यातलं सोनं बाजारपेठेचं. पुढं ते बियाण्यांतून आणि लोखंडी सळयांतून निघालं. खडकात निघतो तो फक्त खडक.

पण खदान आहे, असं म्हातारीनंच सांगितलं आणि पुढं होऊन दाखवली. माळाला मोठा खड्डा, कातळाच्या पायऱ्या पडलेल्या, तळाला घायपात. पुणेकरानं आवाज खाली आणून कॅमेऱ्याला सांगितलं, “ही ओसाड खाण कुणी खोदली, ते आज कुणालाच माहीत नाही.”

“आमी खोदली,” म्हातारी म्हणाली. “बहात्तरला.”

१९७२ च्या दुष्काळात अर्धा मराठवाडा कामावर होता. रस्ते, पाझर तलाव, बांध, आणि या सगळ्यांसाठी खडी. नवी नवरी म्हणून आलेली ही बाई हळद फिकी व्हायच्या आत इथं हातोडा घेऊन बसली होती. दुपारी सुकडी मिळायची. त्याच दुष्काळातून रोजगार हमीचा कायदा पुढं आला आणि महाराष्ट्राचं बघून देशानं तो उचलला. सुकडीची चव कशी होती, असं पुणेकरानं विचारलं. म्हातारी म्हणाली, “भूक असली का सगळंच गोड लागतंय. तुमी कवा जेवले?”

खदानीच्या कपारीत चकाकणारे स्फटिक निघाले, तेव्हा तो पुन्हा उठून उभा राहिला. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकतात, पुढं त्या पोकळ्यांत पाण्यातली खनिजं साचून स्फटिक तयार होतात. जगभरचे संग्राहक दख्खनच्या झिओलाइटसाठी चांगले पैसे मोजतात. सिन्नरला त्यांचं ‘गारगोटी’ नावाचं संग्रहालयच आहे. म्हातारीनं त्याच्या ओंजळीत आणखी दोन खडे घातले. “असल्या डोंगरभर फोडल्या,” ती म्हणाली. “पोरं खेळायची. न्या.”

खरं तर आमच्या जिल्ह्यात खाणकामाचा धंदा जोरात आहे, फक्त तो पाण्यासाठी चालतो. सोन्याच्या खाणीला लागतात तेवढीच माणसं इथंही लागतात. आधी पाणाड्या येतो, तळहातावर नारळ आडवा ठेवून शेतात फिरतो. नारळ उभा राहिला की तिथं पाणी. नारळ उभा राहतोच, कारण त्याशिवाय पाणाड्याला पैसे मिळत नाहीत. मग यारी येते, सुरुंग लागतात, मुरूम संपून पाषाण लागतो. विहीर कोरडी निघाली की बोअरची गाडी. दोनशे फूट, चारशे फूट, वर नुसता फुफाटा. २०१२-१३ च्या दुष्काळात जालन्याच्या मोसंबीच्या बागा वाळल्या, तेव्हा झाडं वाचवायला लोकांनी जमिनीची चाळणी केली. जालन्याच्या मोसंबीला पुढं भौगोलिक मानांकन मिळालं. खाली गेलेल्या पाण्याला अजून कुठलंच मानांकन नाही.

ओसाड खाणी शोधायच्या तर याच शोधाव्यात. साडेसहा इंच तोंडाची, चारशे फूट खोल अशी खाण नेवाडातही नसेल. हिच्यात हेल्मेट घालून उतरता येत नाही, पण हिच्याकडं पाहून हसताही येत नाही. उघड्या बोअरमध्ये लेकरं पडतात म्हणून २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं: भोवती कुंपण घाला, तोंड झाका, काम संपलं की बुजवा. आमच्याकडं बऱ्याच ठिकाणी त्या तोंडावर एक दगड ठेवलेला असतो आणि न्यायालयाचा आदेश पाळल्याचं समाधान असतं.

अशा एका शेतात आम्ही मान खाली घालून बोअर बघत होतो, तेवढ्यात शेतमालक आला. हा उधारीच्या वहीत नव्हता, म्हणून ताठ चालत आला. “कुणाकडं आले?” विचारून झाल्यावर त्याची नजर पुणेकराच्या दोरावर गेली. तो त्यानं बोटांत धरून पाहिला, ओढून पाहिला.

“किती परस हाय?”

“साठ मीटर,” पुणेकर म्हणाला.

“बाप्पा! अन् तुमी उतरून बघता म्हने खाणीत?”

“हो.”

“मंग या. मोटारीचा फुटबॉल रुतलाय गाळात. चार दिस झाले, उतरायला मानूस भेटंना.”

फुटबॉल म्हणजे मोटारीच्या पाइपाच्या टोकाचा फूटव्हॉल्व्ह. विहीर जुनी, दगडी, वीतभर पाण्याची. पुणेकरानं पट्टा आवळला, कड्या अडकवल्या, कपाळावरचा दिवा लावला. मालकानं त्याला थांबवलं आणि आधी पेटता कंदील दोरीनं खाली सोडला. तो विझला असता तर खाली हवा वाईट. मग माणूस सोडायचा नसतो. इंग्रजांच्या कोळशाच्या खाणीत याच कामासाठी पिंजऱ्यातले पक्षी न्यायचे, असं गुरुजींनी सांगितलं. कंदील जळत राहिला. पुणेकर कड्याकड्यानं, शास्त्रशुद्ध, तोंडानं इंग्रजी सूचना स्वतःलाच देत उतरला. एव्हाना विहिरीभोवती माणसं जमली होती. त्यांत उधारीवाले होते, लोकेशनवाला होता, अमावास्या विचारणारे नाना होते. प्रत्येकाकडं एक सूचना होती. मोहिमेतली निर्जनता संपली आणि काम मात्र त्यानंतरच झालं. अर्ध्या तासानं फुटबॉल निघाला, मागोमाग गुडघ्यापर्यंत काळा झालेला पुणेकर निघाला.

“भारी उतरला,” मालक म्हणाला. “आमचा सालगडी बिनपट्ट्याचा उतरायचा. पर आता त्योबी पुण्यालाच गेला.”

चहा झाला, मोसंब्या झाल्या. कृषी सेवा केंद्रवाल्यानं चहाच्या कपापाशी वही उघडली आणि गर्दी पांगली. निघताना मालकानं दोर गुंडाळायला मदत केली आणि गुंडाळलेला दोर आपल्याच कोठ्यात नेऊन खुंटीला अडकवला. “राहू द्या इथं. तुमाला तिकडं कशाला लागतो?” पुणेकरानं तोंड उघडलं, पण जेवायचा आग्रह सुरू झाल्यानं ते तसंच राहिलं.

आता दर आठवड्याला मला मालकाचा फोन येतो. हेल्मेटवाला पाव्हणा कधी येतोय? शेजारच्या मळ्यात एक बादली पडलीय, वरच्या आळीला दोन विहिरींचा गाळ काढायचाय, अन् पाऊस पडायच्या आत झालं पाहिजे. “त्याला म्हणा, दोराची चिंता करू नको. अन् खाणी म्हणशील तेवढ्या हायेत.”